कॅम्पर व्हॅनचे छत : आधी झोळ काढा, मग गळती

चाकांवरचे घर ही कल्पना युरोप-अमेरिकेत आता जुनी झाली आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये आपल्या पेटीवजा व्हॅनचे उत्पादन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपण्याची व सामान ठेवण्याची सोय करून देण्यास प्रारंभ केला. त्यानंतरच्या दशकांत अनेक बनावटींच्या कॅम्पर व्हॅन रस्त्यावर आल्या. त्यांतील बऱ्याच आजही धावत आहेत. मात्र वयोमानाने त्यांची एक तक्रार हमखास उद्भवते, ती म्हणजे छताला पडलेला झोळ आणि त्यातून होणारी गळती. हौशी प्रवाशाच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय असेल. पण अमेरिकेत घरभाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्येच राहणारी माणसे आहेत. २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या ‘नोमॅडलँड’ने त्यांचे जगणे पडद्यावर आणले. अशांसाठी छत गळणे म्हणजे घरच गळणे होय.

झोळ का पडतो?

आत उभे राहता यावे म्हणून अनेक व्हॅनचे मूळ पोलादी छत कापून त्या जागी फायबरग्लासचे उंच छत बसवले जाते. पोलादी छताबरोबर त्याखालील आडव्या पट्ट्याही निघून जातात आणि सांगाड्याची ताकद घटते. नव्या छताला आतून पुरेशा बरगड्या नसतील तर वर्षानुवर्षांचे ऊन, रस्त्यावरचे हादरे आणि वर ठेवलेले सामान यांच्या भाराने ते मधोमध खचू लागते. छतावर बसवायचे वातानुकूलन यंत्रच सुमारे ४० किलो वजनाचे असते.

एकदा खळगा पडला की त्यात पाणी साचते. एक चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन दहा किलो होते. या भाराने खळगा वाढतो आणि खळगा वाढला की पाणीही वाढते. झडपेच्या कडेचे सीलंट सतत पाण्याखाली राहून सुटते. थंड प्रदेशात तर साचलेले पाणी गोठून सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते व बारीक चिरा रुंदावते. गच्चीला उतार नसेल तर इमारतीचे जे होते, तेच येथे घडते. त्यामुळे झोळ तसाच ठेवून वरून सीलंटचा आणखी एक थर देणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते.

पाणी शिरते एकीकडे, ठिबकते दुसरीकडे

छत आणि आतील अस्तर यांच्यामधून पाणी बरेच अंतर वाहत जाते. म्हणून थेंब पडतो तेथेच छिद्र असेल असे नाही. शोधाची सोपी रीत अशी : अस्तर उतरवून एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. सुरुवात खालच्या सांध्यापासून करून एकेक भाग वर जावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वच सांध्यांवरून ओघळते आणि नेमका दोषी कोणता ते कळत नाही. हवा खेळण्याची झडप, दिव्यांचे व सामानाच्या जाळीचे स्क्रू, तसेच फायबरग्लास आणि पोलाद जुळतात ती कड या नेहमीच्या संशयित जागा आहेत. ही दोन्ही द्रव्ये उन्हाने सारखी प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे जुने, कडक झालेले सीलंट तेथेच तडकते.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम भिजलेले अस्तर व कुजलेले प्लायवूड काढून आतील भाग पूर्ण सुकू द्यावा. छतावरील वजन उतरवावे. नंतर आतून जाड प्लायवूडचा तुकडा लावून त्याखाली टेकू द्यावा आणि जॅकने छत हळूहळू उचलावे. जॅक थेट छताला लावल्यास फायबरग्लासला तडा जातो. मध्यभाग कडांपेक्षा किंचित उंच येईल अशा बेताने थांबावे, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल. छत याच स्थितीत असताना आतून आडव्या बरगड्या बसवून त्या काचतंतूंची चटई व रेझिन यांनी जोडाव्यात. त्याआधी पृष्ठभाग घासून खरखरीत करणे आवश्यक असते, अन्यथा रेझिन धरत नाही. या कामात काचेची धूळ व रेझिनची वाफ नाकातोंडात जाऊ नये म्हणून योग्य मास्क वापरावा व दारे उघडी ठेवावीत. रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत टेकू काढू नयेत.

यानंतरच गळतीकडे वळावे. झडपा काढून जुने सीलंट खरवडून टाकावे. पूर्वी कोणी सिलिकॉन फासले असेल तर त्याचा अंशही उरता कामा नये, कारण त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. झडपेच्या चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी, स्क्रू आवळल्यावर कडेने लवचीक सीलंट आणि शेवटी ऊन परतवणारा पांढरा रंग, असा हा क्रम आहे. कडेची पोलादी पन्हळ गंजून भोके पडली असतील तर मात्र छत उतरवून वेल्डिंग करण्यावाचून गत्यंतर नाही. गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनाआधी ही पन्हळ पाहावी.

महाराष्ट्रातही राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. येथे अशा गाडीच्या छताची परीक्षा पावसाळाभर, सलग चार महिने होते. त्यामुळे सांध्यांची तपासणी मे महिन्यात आणि पुन्हा पाऊस सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा करणे हिताचे. अर्ध्या तासाच्या या पाहणीत सुटलेले सीलंट वेळीच दिसले, तर पुढचे टेकू, जॅक आणि रेझिन यांची वेळ सहसा येत नाही.