दावणीला नवा घोडा

‘माज’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. घोडी माजावर आली म्हणजे ती फळायला तयार झाली, आणि पोराला माज आला म्हणजे त्याला दोन रट्टे द्यायची वेळ झाली. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्याने जनावरांच्या बाबतीत आपली गल्लत होते. निसर्गाने दिलेली ओढ आपल्याला मुजोरी वाटते आणि आपण चाबूक उचलतो. दोन पावसाळ्यांपूर्वी नेरळजवळच्या एका वाडीत ही गल्लत मी जवळून पाहिली. मी पशुवैद्य नाही. घोड्यांविषयी जे मिळेल ते वाचत आणि घोडेवाल्यांच्या मागे हिंडत जे समजले, तेवढीच माझी शिदोरी.

माथेरान कर्जत तालुक्यात येते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि गिरिस्थानाची सुरुवात झाली. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. पण पर्यटकांची मोटार आजही दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही, म्हणूनच तिथे घोडा हा शोभेचा नसून पोटाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक तुटते, तेव्हा काही घोडेवाले जनावरे घेऊन खाली उतरतात. माझ्या ओळखीचा एक घोडेवाला असाच आपली तीन जनावरे घेऊन खाली आला होता. एक पोक्त घोडी आणि दोन खच्ची घोडे. आषाढात त्याने चौथे तट्टू विकत आणले. रंग कुमैत, उंची खांद्याशी जेमतेम चार फूट. विकणाऱ्याने खच्ची म्हणून सांगितले होते आणि पाहता तसेच दिसत होते.

घोडी स्वभावाने गरीब, म्हणून त्याने नव्याला तिच्याशेजारीच बांधले. पहाटेपर्यंत नव्याने दावे तोडले होते. एका घोड्याच्या मानेचा लचका निघाला होता, आणि या धुमाळीत घोडीच्या मागच्या पायाला सांध्यावर जखम झाली होती. मी पोचलो तेव्हा तट्टू घोडी आणि इतर दोघांच्या मध्ये उभे होते. कान मागे चिकटवलेले, मान जमिनीलगत नेऊन सापासारखी डुलवत ते घोडीला कोपऱ्याकडे रेटत होते.

“एवढंसं तट्टू, पण माज बघा त्याचा!” घोडेवाला म्हणाला. त्याच्या हातात चाबूक होता. दिवाळीचा हंगाम चार महिन्यांवर, घोडी लंगडी, आणि नव्यासाठी काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर. येईल त्या किमतीला ते विकून टाकायचे त्याने ठरवले होते. असे पडेल भावात विकलेले, ‘खोडीचे’ म्हणून नाव पडलेले जनावर पुढे कुठे जाते हे त्याला माहीत होते आणि मलाही.

मान डुलवत रेटणे ही मुजोरी नव्हे. मोकळ्या रानातल्या घोड्यांचा कळप म्हणजे काही घोड्या, त्यांची शिंगरे आणि बहुधा एक वयात आलेला नर. परका नर जवळ आला की हा नर घोड्यांना नेमका असाच हाकत दूर नेतो. लिदेचे ढीग हुंगून त्यावर पुन्हा लीद टाकणे, घोडीच्या मुतावर मुतणे, किंचाळून पुढचा पाय झाडणे, हे सारे त्याच भाषेतले शब्द आहेत. (वरचा ओठ उलटा करून दात दाखवणे मात्र घोड्याही करतात. वास टाळूवरच्या खास इंद्रियापर्यंत पोचवायची ती युक्ती आहे. त्याला हसणे समजून फोटो काढणारे पुष्कळ.)

पण खच्ची केल्यावर हे जायला नको का? आपला सर्वसाधारण समज तोच. वृषण काढल्यावर नर-संप्रेरक झपाट्याने उतरते हे खरे, पण वागणूक केवळ रक्तात नसते. नराच्या मेंदूची घडण जन्माच्या आगेमागेच सुरू झालेली असते, आणि सवय त्यावर बसते. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यक संशोधकांनी घोडेमालकांकडून माहिती जमवली. वयात येण्याआधी खच्ची केलेल्या घोड्यांतही सुमारे २० ते ३० टक्के नरासारखे वागत होते, आणि उशिरा खच्ची केलेल्यांत चित्र फारसे वेगळे नव्हते. ‘उशिरा खच्ची केला म्हणून असा’ हे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. त्याला यातून फारसा आधार मिळत नाही.

तरी एक शंका आधी फेडावी लागते. कधी एक वृषण पोटातच अडकून राहतो. वरून घोडा खच्ची दिसतो आणि आतून पूर्ण नर असतो. तपासायला रक्ताची चाचणी आहे. डॉक्टरांनी रक्त घेतले, निकाल आला, तट्टू खरोखर खच्ची होते. घोडेवाला जरा हिरमुसलाच. विकणाऱ्याशी भांडायची संधी गेली.

दरम्यान तट्टू वेगळे बांधले होते, ते खरे तर पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. नवा घोडा दोन-तीन आठवडे निराळा, निराळ्या बादलीने पाणी, हा नियम रोगासाठीच आहे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने तो अनुभवला आहे. पण या एकांताचा दुसरा उपयोग स्वभावासाठी होतो. जुनी सोबत तुटलेले जनावर पहिल्या दिसेल त्या घोडीला चिकटते आणि तिच्यासाठी भांडते. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांवर मुलांसाठी घेतलेले पोनी थेट घोडीच्या कुंपणात सोडतात आणि ‘लहानच तर आहे’ म्हणतात. अंगाची उंची आणि नराची ओढ यांचा काही संबंध नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही तट्टू गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला आणले. इतर जनावरे दिसतील, पण तोंड पोचणार नाही एवढे अंतर. पहिले दोन दिवस खिंकाळ्या, मग चारा खाणे सुरू. कान सैल पडून जनावर खाऊ लागले की पुढची पायरी. मग दोन खच्चींपैकी थोरला, जो भांडत नाही आणि दबतही नाही, तो एकटाच त्याच्यासोबत मोकळ्या शेतात सोडला. मागचे नाल आधी काढून घेतले, कारण नालासकट बसलेली लाथ हाड मोडते. गवताचे ढीग दोन जनावरांना तीन ठेवले, आणि तेही कोपऱ्यात नाहीत. पळायला वाट असेल तर दुबळा निघून जातो. कोपऱ्यात सापडला की लढण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. किंचाळ्या झाल्या, एकदा दोघे मागच्या पायांवर उभे राहिले. घोडेवाला धावायला निघाला, त्याला मी दंडाला धरून थांबवले. (माझीही छाती धडधडत होती, ते मी बोललो नाही.) अर्ध्या तासाने दोघे एकमेकांची मान खाजवत होते.

घोडी शेवटी. तिचा माज साधारण तीन आठवड्यांनी येतो आणि पाच-सात दिवस टिकतो. शेपटी बाजूला घेऊन ती वारंवार मुतू लागली की ते दिवस आले. मोठ्या दिवसांत हे चक्र नियमित चालते, म्हणजे आषाढात तिच्याशेजारी नवा घोडा बांधणे हा मुहूर्तच चुकला होता. घोडेवाल्याने कॅलेंडरवर तारखांना लाल गोल करायला सुरुवात केली. मधल्या दिवसांत तट्टू तिच्याजवळून लगामाने नेता यायचे. गोल केलेल्या दिवसांत मात्र ते पुन्हा मान खाली घाली.

हे पूर्ण गेले नाही. माथेरानला जागा म्हणजे अरुंद गोठा. शेत नाही, पळायला वाट नाही. दसऱ्यानंतर वर गेल्यावर घोडेवाल्याने दावण बदलली: एका टोकाला घोडी, मध्ये थोरला खच्ची आणि धाकटा, दुसऱ्या टोकाला तट्टू. गिऱ्हाईक घेऊन जाताना लाल गोलाच्या दिवशी घोडी आणि तट्टू एका फेरीत जात नाहीत. त्या दिवसांत एक फेरी बुडते, आणि बुडालेल्या फेरीचा हिशेब त्याच्या बायकोने वहीत वेगळा लिहून ठेवला आहे.

घोडीचा पाय दिवाळीपर्यंत बरा झाला नाही. ती त्या हंगामात फक्त सकाळची एक फेरी करायची, तीही लहान मूल असेल तरच. तट्टू मुलांत लोकप्रिय झाले. गेल्या वैशाखात मी वर गेलो तेव्हा ते दस्तुरी नाक्यावर थोरल्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून झोपले होते. घोडेवाला म्हणाला, “आज उठवू नका त्याला, आज गोल आहे.”