चिनी बंदरांतील बाजार आणि आमच्या रानांतील कोसा

गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसमवेत आम्ही आरमोरीस कोसा विणणारांचें काम पाहावयास गेलों होतों. एका वृद्ध विणकराच्या ओसरीवर माग मांडलेला होता. त्यावर चढविलेला ताणा पाहून आमच्यांतील एका मुलानें सहज विचारलें, "काका, हें सूत कोणत्या रानांतलें?" विणकर हसून म्हणाले, "बाणा आपल्या इकडला, बाबू, ताणा चायनाचा." मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. ज्या मुलखांत ऐनाचीं झाडें मैलोगणती पसरलेलीं आहेत, त्या मुलखांतील मागावर कोशाचें सूत समुद्रापलीकडून कां यावें? परत येतांना वाटेंत हाच प्रश्न सर्वांच्या तोंडीं होता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नव्हतें, म्हणून आम्हीं तें येथें लिहून काढण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमच्याकडील वस्तूची ओळख करून देणें अवश्य आहे. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, आणि जुने लोक त्या सर्व प्रदेशास चांदाच म्हणत. येथील कोसा म्हणजे रानांतील रेशीम. तुतीचा पाला खाऊन घरांत वाढणारा रेशमाचा किडा वेगळा. हा किडा उघड्यावर, ऐन आणि अर्जुन ह्या झाडांच्या पानांवर वाढतो, आणि आपल्याभोंवतीं जो टणक कोष विणतो तो देंठासह फांदीला फळासारखा लोंबत राहतो. आमच्याकडे हे किडे पाळण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या ढीवर लोक करीत आले आहेत. अळ्या झाडावर सोडल्या कीं पांखरें, मुंग्या व गांधीलमाशा ह्यांच्यापासून त्यांची राखण करावी लागते. त्यासाठीं रानांतच खोपटें बांधून राहावें लागतें. पावसानें झोडपलें किंवा अळ्यांना रोग लागला, तर सगळी मेहनत एका आठवड्यांत मातीस मिळते. कोष हातीं आले म्हणजे ते क्षारयुक्त पाण्यांत उकळून मऊ करावयाचे, आणि मग स्त्रियांनीं चार-सहा कोषांचे तंतू एकत्र धरून उघड्या मांडीवर वळून त्यांचा धागा करावयाचा, अशी जुनी रीत. ह्या कामानें मांडीची कातडी सोलवटून निघते. असा निघालेला धागा कोठें जाड, कोठें बारीक, मधून मधून गांठीचा असतो. कापडाला त्यामुळें एक प्रकारची शोभा येते हें खरें; पण ही शोभा बाण्यांत. ताण्याचा धागा सारखा आणि चिवट असावा लागतो, नाहीं तर तो मागावर वारंवार तुटतो आणि विणकराचा दिवस गांठी मारण्यांत जातो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्याभोंवतीं फिरणार आहे.

आतां आपण चीनकडे वळूं. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें इंग्रजांनीं चीनची पांच बंदरें परकी व्यापाराला खुलीं करून घेतलीं: कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय. पुढें १८५८ च्या तहानें आणखीहि बंदरें उघडलीं गेलीं. त्या बंदरांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता. आरंभीं आमच्या देशांतून तिकडे कच्चा कापूस आणि अफू जात असे. अफूच्या पैशावर मुंबईंत कित्येक थोर घराणीं उभीं राहिलीं आणि त्याच अफूनें चीनांतील असंख्य घरें बसलीं, हें झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परत येतांना जहाजें चहा आणि रेशीम आणीत. चहा हा शब्दच मुळीं चिनी आहे. कँटनकडील बोलींत त्याला 'चा' म्हणत, अमॉयकडील बोलींत 'ते'. आम्ही पहिला शब्द घेतला, इंग्रजांनीं दुसरा.

ह्या बंदरांतील व्यवहाराची पद्धत अशी कीं, परकी व्यापारी चिनी गिऱ्हाइकाशीं प्रत्यक्ष सौदा क्वचितच करी. मध्यें एक वजनदार चिनी दलाल असे. भाषा तो जाणे, पत तो ठरवी, आणि वखारींतील माल खपविण्याची हमीहि बहुधा तोच घेई. वजन पिकुलांत, म्हणजे सुमारें ६० किलोच्या मापानें होई. किंमत ठरे ती 'टेल' ह्या हिशेबानें. टेल म्हणजे नाणें नव्हे, तर चांदीचें एक वजन. जकातीच्या हिशेबाचा टेल सुमारें ३८ ग्रॅम चांदीचा असे. चिनी बाजार चांदीवर चालत होता, आणि आमच्या मालाचें पुढें जें झालें त्याचें एक मूळ ह्या चांदींत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीनकडे जाणारा आमचा मुख्य माल म्हणजे गिरणीचें सूत. ह्या उद्योगाशीं चांदा जिल्ह्याचाहि थोडासा संबंध आहे. जमशेटजी टाटा ह्यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपूरची एम्प्रेस मिल सुरू केली, ती सुमारें ३०,००० चात्या आणि ४५० माग घेऊन. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचें कारण, कापूस पिकविणारा मुलूख भोंवतींच होता आणि दगडी कोळसा आमच्या वरोऱ्याच्या खाणींतून मिळण्यासारखा होता. ती खाण १९०६ सालीं बंद पडली, आणि आज ती गिरणीहि उरलेली नाहीं. मुंबई इलाख्यांतल्या व इतर ठिकाणच्या गिरण्या मुख्यतः १० ते २० नंबरचें जाडेंभरडें सूत काढीत, आणि त्यांतलें फार मोठें गिऱ्हाईक चिनी शेतकरी होता. चीनांत घरोघर हातमाग होते. तेथील शेतकरी घरीं कातलेलें सूत बाण्याला घालीत; पण गिरणीचें सूत सारखें आणि बळकट असल्यामुळें तें ताण्याला विकत घेत.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंति करतों. त्या काळीं चीनच्या खेड्यांतला विणकर म्हणत असेल, 'बाणा आपल्या इकडला, ताणा हिंदुस्थानचा.' आरमोरीच्या ओसरीवर आम्हीं जें ऐकलें, तें तेंच वाक्य उलटें झालेलें.

तें उलटें कसें झालें? आमची पीछेहाट एका फटक्यांत झाली नाहीं. पहिला घाव हुंडणावळीचा. २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें टांकसाळी चांदीला बंद केल्या. तोंपर्यंत कोणीहि चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावे अशी मोकळीक होती, त्यामुळें रुपया आणि टेल ही जोडी चांदीबरोबर वर-खालीं होई. आतां रुपया कृत्रिम रीतीनें महाग ठेवला गेला, आणि चांदी मात्र घसरत राहिली. ह्याचा परिणाम उदाहरणानें समजेल. समजा, शांघायचा दलाल एका गांठीला ६० टेल देतो. एका टेलाचे ३ रुपये येत असतील, तर गिरणीच्या पदरांत १८० रुपये पडतील. तोच टेल अडीच रुपयांवर आला, तर त्याच ६० टेलांचे १५० रुपयेच होतील. गांठ तीच, दलाल तोच, त्यानें एक कवडीहि कमी दिलेली नाहीं. तरी ३० रुपये हवेंत विरले! इकडे मजुरांचा पगार आणि कापसाची किंमत रुपयांतच द्यावयाची. भाव वाढवून मागावा, तर शेजारींच जपानी माल उभा.

दुसरा प्रकार जहाजभाड्याचा. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालाची वाहतूक पी. अँड ओ. वगैरे कंपन्यांच्या मुठींत होती, आणि एका टनाला १७ रुपयांपर्यंत भाडें पडे. टाटांनीं १८९३ च्या सुमारास जपानच्या निप्पॉन यूसेन काइशा कंपनीशीं हातमिळवणी करून आपलीं जहाजें सोडलीं. तेव्हां जुन्या कंपनीनें भाडें इतकें उतरविलें कीं तें दीड रुपयावर येऊन ठेपलें. टाटांचीं जहाजें फार दिवस टिकलीं नाहींत. जपानी कंपनीची फेरी मात्र चालू राहिली. तिनें काय नेलें? आमचा कापूस! हिंदुस्थानचा आंखूड धाग्याचा कापूस मुंबईहून जपानांत जाई, तेथें त्याचें सूत होई, आणि तें सूत शांघायच्या बाजारांत आमच्याच सुताला पाडी. जपान सरकारनें १८९४ सालीं सुतावरची निर्गत जकात आणि १८९६ सालीं कापसावरची आयात जकात उठविली. १८९७ सालीं जपानची सुताची निर्गत त्याच्या आयातीहून अधिक झाली. त्या देशाचें सरकार आपल्या गिरण्यांच्या पाठीशीं होतें. आमचें सरकार कोणाच्या पाठीशीं होतें हें सांगण्याची गरज नाहीं.

त्यांत १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहानें परक्यांना चिनी बंदरांतच कारखाने काढण्याची मुभा मिळाली, आणि शांघायला गिरण्या उभ्या राहूं लागल्या. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. मजूर गांवोगांव पळाले. इतकें होऊनहि आमचें सूत लगेच हटलें नाहीं. १९०५-०६ सालीं हिंदुस्थानांतून सुमारें ३० कोटी पौंड सूत बाहेर गेलें आणि त्यांतलें बहुतेक चीनला गेलें. पण तो दिवा विझण्यापूर्वींचा मोठा होणें होता. पहिल्या महायुद्धापर्यंत हा व्यापार बराच उतरला होता, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत चीनच्या स्वतःच्या आणि तेथील जपानी गिरण्यांनीं तो जवळ जवळ संपविला.

ह्यावरून चिनी लोकच सर्वत्र जिंकत होते असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच बंदरांत चहाचा बाजार पाहिला तर चित्र नेमकें उलटें दिसतें. १८८६ सालीं चीनांतून सुमारें २२ लाख पिकुल चहा बाहेर गेला; १९२० सालीं तो जेमतेम ३ लाखांवर आला होता. चिनी चहा लहान लहान शेतकरी आपापल्या परीनें सुकवीत. तो अनेक हातांतून बंदरावर येई, त्यांत भेसळ होई, आणि एक पेटी दुसरीसारखी नसे. आसाम आणि सिंहलद्वीप येथील मळ्यांत यंत्रांवर वळलेला चहा मात्र दर पेटीला सारखा उतरे. १८९० च्या सुमारासच इंग्लंडांत हिंदी आणि सिंहली चहानें चिनी चहाला मागें टाकलें. हँकौ बंदरांत रशियन व्यापारी विटांसारखा दाबलेला चहा घेत असत, तोच काय तो आधार राहिला. आणि १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर तोहि ढासळला. त्या वेळच्या आसामच्या मळ्यांतील मजुरांचे हाल ही ह्या विजयाची दुसरी बाजू आहे. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आतां कोशाकडे परत येऊं. १८५८ च्या तहानें उघडलेल्या बंदरांच्या मालिकेंत उत्तरेकडचें चीफू (आजचें यान्‌ताइ) हें एक होतें. शान्तुंग आणि मांचुरिया ह्या प्रांतांत ओक झाडांवर वाढणारा एक रानकिडा आहे. तो आमच्या कोशाच्या किड्याचा भाऊबंदच होय. त्याचे कोष चीफूला येत, तेथील कताईशाळांत कामकरी ओळीनें बसून रहाटांवर त्यांचा धागा काढीत, आणि त्या धाग्याचें 'पाँजी' नांवाचें कापड युरोप-अमेरिकेंत जाई. गंमतीची गोष्ट अशी कीं, युरोपांत रानरेशमाची आवड उत्पन्न करणारांत थॉमस वॉर्डल ह्या इंग्रज रंगाऱ्याचा मोठा वांटा होता. त्यानें १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत जें रानरेशीम मांडून लोकांचे डोळे दिपविले तें हिंदुस्थानचें होतें! मागणी आमच्या मालानें निर्माण केली, आणि ती पुरी केली चीफूच्या मालानें. कां? धागा सारखा होता म्हणून. वाटेल तितका एकाच प्रतीचा मिळे म्हणून. मांडीवर वळलेला आमचा धागा कितीहि सुंदर असला तरी दहा घरांतला दहा तऱ्हेचा. चहांत चिनी शेतकऱ्याचें जें झालें, तेंच कोशांत आमच्या ढिवराचें आणि कोष्ट्याचें झालें. दोघांपैकीं कोणीहि आळशी नव्हता.

युरोपचा बाजार आम्हांला फारसा मिळाला नाहीं. पुढें तोच चिनी धागा आमच्या देशांतील कोशाच्या अनेक केंद्रांत ताण्यासाठीं येऊं लागला आणि अजूनहि येतो. आमच्या रानांतून कोष नाहींसे झालेले नाहींत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया ह्या चार जिल्ह्यांत आजहि कोशाची पैदास होते; केंद्रीय रेशीम मंडळानें मांडीवर सूत वळण्याची रीत बंद व्हावी म्हणून 'बुनियाद' नांवाचें यंत्रहि काढलें आहे. त्यावर बाई बसून सूत काढते, धागा बराचसा सारखा येतो, आणि कातडी सोलत नाहीं.

आरमोरीच्या त्या विणकरांना आम्हीं निघतांना विचारलें कीं, ताणाहि इकडच्या सुताचा घातला तर? त्यांनीं मागाशेजारच्या टोपलींतून दोन धागे उचलून आमच्या मुलाच्या हातावर ठेवले. एक पांढुरका, गुळगुळीत. दुसरा मातकट पिंवळा, बोटाला खरखरीत लागणारा. "हा तुटत नाहीं," पहिल्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, आणि दुसऱ्याकडे पाहून, "पण गिऱ्हाईक कापड हातांत घेऊन ह्याचीच गांठ शोधतो, खरा कोसा आहे कीं नाहीं तें पाहायला." मुलानें दोन्ही धागे आपल्या वहींत घालून आणले. ते सध्यां शाळेच्या संग्रहांत ठेविले आहेत.