एकच झुडूप, सहा तेले : थंडी ओसरली आणि थाइमचा सुगंध बदलला

ओव्याचा दाणा चुरडताच येणारा तिखट वास थायमॉल या संयुगाचा असतो. हेच संयुग भूमध्यसागरी प्रदेशातील थाइम या रानटी झुडपातही आढळते. मात्र प्रत्येक झुडपात नव्हे. दक्षिण फ्रान्समधील मोंपेलिये शहराच्या परिसरात या एकाच जातीचे सहा रासायनिक प्रकार आहेत. थायमॉल व कार्व्हाक्रोल हे दोन प्रकार फिनॉलयुक्त, तर जेरानिऑल, लिनालूल, अल्फा-टर्पिनिऑल व थुयॅनॉल हे चार फिनॉलरहित होत. झुडपाचा प्रकार जनुकांनी ठरतो आणि त्याच्या आयुष्यभर तोच राहतो. मग हवामानाचा संबंध येतो कोठे?

थंडीने आखलेली सीमा

मोंपेलियेच्या उत्तरेस सें-मार्तं-द-लोंद्र हे डोंगरांनी वेढलेले खोरे आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारांवरून खाली येऊन तळाशी साचते. त्यामुळे तळ भोवतालच्या उतारांहून अधिक गारठतो. १९७० च्या दशकातील पाहणीत तळाशी फिनॉलरहित, तर बाहेरच्या खडकाळ, कोरड्या जमिनीवर फिनॉलयुक्त झुडपे आढळली. फिनॉलयुक्त झुडपे हिवाळ्याच्या आरंभीच्या कडक थंडीत तग धरत नाहीत; उन्हाळ्यातील पाणीटंचाई मात्र ती अधिक चांगली सोसतात.

पुढे अतितीव्र थंडीच्या रात्री विरळ झाल्या. सुमारे साडेतीन दशकांनी संशोधकांनी त्याच ठिकाणांहून पुन्हा नमुने घेतले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे पूर्वी फिनॉलयुक्त झुडपे नव्हती, अशा काही ठिकाणी ती आता दिसू लागली होती. म्हणजे हवामानाने झुडपाचे तेल बदलले नाही. कोणत्या तेलाचे झुडूप जगेल, हे ठरवले.

किडींशी असलेले नाते

ही तेले वनस्पतीचे संरक्षक शस्त्र आहेत. गोगलगायींपासून मेंढ्यांपर्यंतच्या प्राण्यांवरील अभ्यासात असे दिसले, की कोणताही एकच प्रकार सर्व भक्षकांना रोखत नाही. त्यामुळे प्रकारांचे प्रमाण बदलले, तर त्या झुडपावर कोण पोसले जाईल, हेही बदलू शकते. व्यवहारातही याचे महत्त्व आहे. मधमाश्यांच्या पेट्यांतील व्हरोआ माइटच्या नियंत्रणासाठी थायमॉल वापरले जाते. लिनालूल प्रकारच्या थाइम तेलाकडून त्याच परिणामाची अपेक्षा ठेवता येणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

थाइमची रानटी भाऊबंद जाती पश्चिम हिमालयात उगवते. अशा सुगंधी वनस्पतींची लागवड किंवा संकलन करताना पुढील बाबी पाळाव्यात :

• केवळ वनस्पतीच्या नावावर विसंबू नये. तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफीद्वारे पृथक्करण करून घ्यावे.
• नमुन्यासोबत ठिकाण, उंची, तोडणीची तारीख व फुलोऱ्याची अवस्था नोंदवावी. तेलाचे प्रमाण ऋतूनुसारही बदलते.
• थाइममध्ये परपरागीभवन होत असल्याने बियांपासून तोच प्रकार मिळेल याची खात्री नसते. निवडलेल्या झुडपाची अभिवृद्धी छाट कलमांनी करावी.
• रानातून सर्वच झुडपे काढू नयेत. आज कमी मागणी असलेला प्रकार उद्याच्या बदलत्या हवामानात उपयोगी पडू शकतो.

सुगंधाची ही विविधता हेच वनस्पतीचे भांडवल आहे. थंडी पुन्हा कडक झाली, तर खोऱ्याच्या तळाशी टिकतील ती फिनॉलरहित झुडपेच. मात्र तोवर ती तेथे शिल्लक असायला हवीत.