फॉरमॅट मारला, तरी मशीन बसलंच

कर्जत-खालापूर पट्ट्यात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले ते साधारण १९९८ नंतर. कंपनीचं बंद खोकं घेणारे थोडे. बाकीच्यांचं मशीन मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जमवलेलं: मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट जिथे स्वस्त मिळेल तिथून. दादरला गाडी बदलून ते कर्जत किंवा खोपोली लोकलमध्ये चढवायचं आणि पायाशी सांभाळत घरी आणायचं. पुढे ते बिघडलं की औषध एकच, लहानथोरांना पाठ असलेलं: फॉरमॅट मारा, विंडोज नव्यानं टाका.

गेल्या पंचवीस वर्षांकडे पाहिलं तर हे औषध कमी आणि तपासणीच जास्त होती, असं माझं मत झालं आहे. विंडोज टाकता टाकताच मशीन बसलं तर दोष विंडोजमध्ये क्वचितच असायचा. तो आत कुठेतरी आधीपासून असायचा. सेटअपनं त्याला फक्त बाहेर काढलं.

कारण सरळ आहे. पत्र टाइप करताना किंवा गाणी ऐकताना मेमरीचा थोडाच भाग कामाला लागतो. सेटअप सुरू झाला की सीडीवर दाबून भरलेल्या कॅब फायली मेमरीत उलगडतात, प्रत्येकीची बेरीज (चेकसम) तपासली जाते, मग त्या डिस्कवर उतरतात. प्रोसेसर, मेमरी, सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क सगळे एकदम राबतात. मेमरीतला एक बिट जरी उलटा वाचला गेला तरी बेरीज जुळत नाही. मग पडद्यावर 'फाइल कॉपी करता येत नाही' असा निरोप येतो आणि लोक सीडीला शिव्या घालतात. सीडी निर्दोष असे असंही नाही. फुटपाथवरची नकल, तिची नकल आणि तिच्यावरचे ओरखडे, असा तो वंशवृक्ष होता. पण दुसऱ्या सीडीवरही वेगळ्याच फायलीपाशी गाडी अडली, तर सीडीचा गुन्हा नाही, एवढं अनुभवी हात ओळखत. दर वेळी तीच फाइल अडली तर सीडी किंवा ड्राइव्ह. दर वेळी वेगळी अडली तर रॅम.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्या सेटअपमध्ये '३९ मिनिटं बाकी' हा आकडा दिसायचा आणि तिथेच तासन् तास थांबायचा. एक्सपी टाकलेल्या माणसाला तो आकडा अजून आठवतो. थोडं पुढे गेलं की निळा पडदा. 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असं आलं की पहिला संशय रॅमवर. इथला उपाय खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी पाय खोडरबरानं घासायचे, फुंकर न मारता ब्रशनं साफ करायचे, पट्टी परत बसवायची. मुंबईत हे वर्षातून एकदा पुरत असेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा खोडरबराचाच हंगाम. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, इथल्या भाताच्या जाती राज्यभर लावतात. पण भाताला मानवणारी दमट हवा रॅमच्या पायांना मानवत नाही.

घासूनही भागलं नाही तर दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवून सेटअप चालवून पाहायचा, मग दुसरी. खरी परीक्षा मेमटेस्ट८६ ची. हा छोटा प्रोग्राम फ्लॉपीवरून चालायचा आणि मेमरीचा कोपरान् कोपरा पुनःपुन्हा लिहून-वाचून पाहायचा. तो रात्रभर चालू ठेवावा असं सांगत. रात्रभर! त्यासाठी रात्रभर वीज हवी.

विजेची गोष्ट इथे जरा जास्तच बोचते. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून, भिवपुरीचं १९२२ पासून. घाटमाथ्याचं पाणी खाली सोडून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच वीजघरांच्या पायथ्याशी २००५ नंतरच्या भारनियमनात विंडोजचा सेटअप अर्ध्यावर मरायचा. वीज गेली की निम्म्या फायली डिस्कवर, निम्म्या सीडीवर. एनटीएफएस ही डिस्कवरची फाइल-व्यवस्था आपली नोंदवही सावरून घ्यायची, पण अर्धवट सेटअप पुरा करणं तिच्या हातात नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाणता दुरुस्तीवाला आधी भारनियमनाचं वेळापत्रक विचारायचा आणि मगच सीडी आत घालायचा.

वीज असली तरी तिचा दाब सरळ नसायचा. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चारशे वॉट छापलेलं असे. हातात घेतल्यावर तो पिसासारखा हलका लागला तर छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा लॅमिंग्टन रोडचाच धडा. सेटअपच्या ओझ्याखाली असा एसएमपीएस वाकायचा आणि मशीन काही न बोलता आपोआप रीस्टार्ट व्हायचं. निळा पडदा नाही, निरोप नाही. त्याच वर्षांत जगभर मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगण्याची साथ होती. आतलं रसायन निकृष्ट भरलेलं, त्यामुळे दोन-तीन वर्षांत त्यांची सपाट डोकी पुऱ्यांसारखी फुगायची. कॅबिनेटचं झाकण उघडून टॉर्च मारली की निदान झालं. पण झाकण उघडण्याआधी किती जणांनी किती वेळा फॉरमॅट मारला असेल! २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हासच्या काठच्या घरांत पाणी शिरलं, त्यानंतर वाळवलेल्या मशीनवर विंडोज टाकण्याचे प्रयत्नही झाले. ते फार काळ टिकणारे नव्हतेच.

एका काळात मात्र दोष खरोखर बाहेरून यायचा. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला, पुढच्या वर्षी सॅसर. स्वच्छ फॉरमॅट, नवीकोरी एक्सपी, मोडेम जोडला, आणि थोड्याच वेळात खिडकी उघडायची: साठ सेकंदांत मशीन बंद होणार. माणूस म्हणायचा, विंडोज नीट पडली नाही. परत फॉरमॅट, परत इंटरनेट, परत साठ सेकंद. खरा मार्ग उलटा होता: आधी फायरवॉल चालू करायची, मगच तार जोडायची आणि पॅच उतरवायचा. उलटी गणती सुरू झालीच तर रनमध्ये 'शटडाउन' लिहून पुढे वजा-ए द्यायचं, म्हणजे ती थांबे. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं फायरवॉल आपोआप चालू ठेवली आणि हा छळ ओसरला.

त्यानंतरचं पर्व सेव्हन-बीचं. २००७ ते २००९ च्या सुमारास नवीन लॅपटॉपवर व्हिस्टा आलेली असे आणि ती कुणालाच नको होती. सगळ्यांना एक्सपी हवी. सेटअप सुरू होताच निळा पडदा, खाली सेव्हन-बी. अर्थ असा की विंडोजला ज्या डिस्कवर बसायचं तीच तिला दिसत नाही. एक्सपीच्या सीडीवर सॅटा डिस्कच्या एएचसीआय मोडचे ड्रायव्हर नव्हते. सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून ते द्यायचे, असा कंपनीचा राजमार्ग. पण त्या लॅपटॉपना फ्लॉपी ड्राइव्हच नसायचा. मग बायोसमध्ये जाऊन सॅटाचा मोड आयडीई करायचा, की सेटअप सुरळीत. काही हुशार लोक विंडोज बसल्यावर मोड परत एएचसीआय करायचे आणि सेव्हन-बी पुन्हा हजर व्हायचा. माझ्या मते इथल्या दुरुस्तीवाल्यांची पिढी घडली ती या एका आकड्यावर. तोवर सुटे भाग बदलून बघणं हीच विद्या होती; आता पडद्यावरचा आकडा वाचावा लागला.

विंडोज ७ च्या काळात एक चमत्कारिक पेच आला. २०१५ नंतरच्या इंटेल बोर्डांवर तिचा सेटअप सुरू व्हायचा, पण यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मेलेले, कारण नव्या यूएसबी कंट्रोलरचे ड्रायव्हर तिच्यात नव्हते. मागे गोल पिनची जागा असलेल्या बोर्डांपुरते अडगळीतले पीएस-टू कीबोर्ड पुन्हा बाहेर निघाले. जीपीटी, एमबीआर, युईएफआय यांचा घोळही याच सुमाराचा. पेनड्राइव्ह एका पद्धतीनं बनवलेला, डिस्क दुसऱ्या पद्धतीची, की सेटअप नकार देतो. इथे क्रॅश नाही, निरोप स्पष्ट असतो. तो वाचला की काम होतं.

एसएसडी आली, पेनड्राइव्ह आला, सेटअप पंधरा-वीस मिनिटांवर आला. ओरखडे गेले, भारनियमन बरंच कमी झालं, लॅपटॉपला बॅटरी असतेच. पण अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावला तर सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी येते. सेव्हन-बीचाच हा नातू: व्हीएमडी नावाची सोय मध्ये असते, तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर वेगळा ठेवावा लागतो. चालू विंडोजखाली बायोसमध्ये ती सोय नुसती बंद केली, तर सेव्हन-बी स्वतःच भेटायला येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ संपली, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेली अनेक धडधाकट मशीनं विंडोज ११ साठी अपात्र ठरली. त्यांच्यावर पळवाटेनं अकरा टाकणारे आहेत, लिनक्सकडे वळणारेही थोडे आहेत.

सध्या सगळ्यात जास्त रडवतं ते बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं किंवा मशीन क्रॅश होऊन दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खातं मशीन घेतलं त्या दिवशी दुकानातल्या पोरानं किंवा पुण्याच्या भाच्यानं उघडलेलं असतं, आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. फॉरमॅट आजही होतो, विंडोज आजही नव्यानं पडते, पण लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती त्या किल्लीशिवाय परत येत नाहीत. म्हणून हल्ली लॅपटॉप टेबलावर ठेवल्याबरोबर दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'काका, मेल आयडी कुणाचा टाकलाय?'