स्वस्तातली वेबसाईट आणि तीन वर्षांचा हिशोब

माझ्या वहिनी शाळेचे गणवेश शिवतात. घरात दोन मशिनी आणि मदतीला वस्तीतल्या दोन मुली. एका ओळखीच्या माणसाने त्यांना तीन हजारांत वेबसाईट करून दिली. वहिनींनी मोठ्या हौसेने तो पत्ता कार्डांवर आणि पिशव्यांवर छापून घेतला. वर्ष संपले आणि ऐन मे महिन्यात, कामाच्या दिवसांत, वेबसाईट बंद पडली. नूतनीकरणाचे नऊ हजार मागितले गेले. दुसरीकडे जावे म्हटले, तर वेबसाईटचे नावच त्या माणसाने स्वतःच्या नावावर नोंदवलेले निघाले! छापलेल्या पिशव्या वाया गेल्या, आणि त्या हंगामात दोघींपैकी एका मुलीला काम देता आले नाही.

आपल्या कष्टकरी घरांत आज कितीतरी मुले-मुली छोटे धंदे करीत आहेत. त्यांची अशी फसगत होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

वेबसाईटचे तीन भाग असतात. पहिला पत्ता, म्हणजे डोमेन. दुसरा जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरे बांधकाम, म्हणजे वेबसाईट बनविण्याचे सॉफ्टवेअर. पत्ता आणि जागा यांचे भाडे वर्षानुवर्षे भरावे लागते, हे अनेकांना कोणी सांगतच नाही.

बांधकामासाठी मुख्य पर्याय असे :

गूगल साईट्स : फुकट. जीमेलचे खाते असले की पुरे. माहिती, फोटो, फोन नंबर यांसाठी उत्तम. पण ऑनलाईन विक्रीची सोय त्यात नाही.

वर्डप्रेस : २००३ पासून चालत आलेले मोफत सॉफ्टवेअर. मराठीतही मिळते. जागेचे भाडे वेगळे आणि शिकायला थोडे दिवस लागतात. पण जागा बदलायची झाल्यास सगळे सामान उचलून नेता येते.

विक्ससारख्या कंपन्या : जागा आणि बांधकाम एकत्र. काम सोपे. मात्र फुकटच्या योजनेत कंपनीची जाहिरात दिसते आणि तिथे उभारलेली वेबसाईट जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नाही.

आता जाहिरातीतील दराकडे पाहा. समजा, दरमहा ९९ रुपये लिहिले आहे. पण तो दर पहिल्याच वर्षाचा आणि पुढे ३९९. तीन वर्षांचे होतात १०,७६४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, की सुमारे १२,७०० रुपये. ९९ च्या हिशोबाने आपण ३,५६४ रुपये धरून बसलेलो असतो! म्हणून पहिल्या वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा दर विचारावा.

फुकट आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून बनलेल्या फुकट वेबसाईटी मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केल्या. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन होते, त्यांना तोच पत्ता नव्या जागी लावता आला. बाकीच्यांना ग्राहकांना नवा पत्ता सांगत बसावे लागले.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी एवढे नक्की करा. डोमेन आपल्या नावावर, आपल्या ई-मेलने आणि आपल्याच मोबाईल नंबरने नोंदवा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा. पावती घ्या. फोटो आणि मजकुराची एक प्रत घरी जपा. आणि गिऱ्हाईक फक्त आसपासचेच असेल, तर आधी व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचे फोटो व दर टाकून पाहा. तेही फुकट आहे. कदाचित वेबसाईटची गरजच पडणार नाही.

वहिनींनी आता नवे डोमेन स्वतःच्या नावावर घेतले आहे. अकरावीतल्या मुलीने दोन संध्याकाळी बसून गूगल साईट्सवर वेबसाईट उभी केली. खर्च फक्त डोमेनचा. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, अगदी गॅस आणि विजेच्या बिलाशेजारी!