साठ ओहम आणि तांडेलाची वही

सरकार बोटींवर नवी यंत्रं बसवतंय, मग जुन्यांचं काय होतं, असा संपादकांचा प्रश्न होता. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांना उपग्रह-ट्रान्सपॉन्डर देणाऱ्या 364 कोटींच्या योजनेचा प्रारंभ केला, तेव्हापासून ही चर्चा आहे. पण ट्रान्सपॉन्डर बिचारा आपल्यापुरता जगतो. बोटीवर ब्लूटूथवरून मोबाइलशी बोलतो, तेवढंच. खरी झटापट मालक स्वखर्चाने नवा प्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा, आणतो आणि जुना फिश फाइंडर, जुना जीपीएस काढायला तयार होत नाही, तिथे सुरू होते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ती बघायला मिळते.

तिथल्या एका ट्रॉलरच्या केबिनमध्ये गुडघे दुमडून बसलेला माणूस मला भेटला. बंदरात त्याला सगळे नुसतं ‘जीपीएसवाला’ म्हणतात. त्याने जुन्या जीपीएसची वायर लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. आधी डॉलरचं चिन्ह, मग जीपीआरएमसी ही अक्षरं, पुढे स्वल्पविराम देत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. शेवटी तारांकन आणि ओळ शाबूत पोचली का हे सांगणारे दोन अंक. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने 1983 साली ठरवलेली ही पद्धत, एनएमईए 0183. वेग सेकंदाला अवघे 4800 बिट. एका जोडणीवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक. पण काय चाललंय ते माणसाला डोळ्यांनी वाचता येतं, आणि मला हे फार भारी वाटलं. या जीपीएसची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे होती. उपग्रहांकडून येणारा आठवड्यांचा आकडा 1024 झाले की पुन्हा शून्यावर येतो. तसा तो एप्रिल 2019 मध्ये आला, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांना ते कळलंच नाही. जागा मात्र हा जीपीएस अचूक दाखवत होता.

नव्या प्लॉटरची पद्धत एनएमईए 2000. बॉश कंपनीने मोटारींसाठी काढलेल्या कॅन जोडणीवर ती उभी आहे: सेकंदाला अडीच लाख बिट, एकच मुख्य केबल, तिला टी लावून पन्नासपर्यंत यंत्रं. डोळ्यांनी वाचण्यासारखं यात काही नाही. म्हणून जीपीएसवाला वीज बंद करून मल्टिमीटर लावतो. केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो. दोन्ही जागेवर असले तर मीटर 60 दाखवतो. इथे 120 आला. एका टोकाचा रोधक कुणीतरी काढून नेला होता.

दोन पद्धतींच्या मध्ये कन्व्हर्टरची डबी बसते. जुन्या बाजूच्या दोन तारांपैकी ए म्हणजे प्लस की मायनस, यावर कंपन्यांचं एकमत नाही. उलट लागल्या की पडद्यावर कचरा येतो, मग अदलाबदल करायची. फिश फाइंडरची खोली बोटीच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या भागापासून, मोजलेली असते. तिथून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळवायचं की नाही, ते एकाच ठिकाणी ठरवावं लागतं. दोन्हीकडे मिळवलं तर पाणी आहे त्याहून खोल दिसतं. संध्याकाळपर्यंत हे सगळं जमलं.

मग बोट चालवणाऱ्या तांडेलाने वही काढली.

खडपं, बुडालेल्या बोटी, जाळं फाडणाऱ्या जागा, माशांच्या जागा. जुन्या जीपीएसमध्ये न मावलेलं सगळं त्यात होतं. एका ओळीत अक्षांशाची मिनिटं लिहिली होती 59.30.

“मामा, हे मिनिट-सेकंद की मिनिट-पॉइंट?”

“जीपीएसवर दिसलं तसं लिवलंय.”

“कुठल्या? ह्या की पयल्या?”

पहिला जीपीएस सेकंद दाखवायचा, हा दशांश दाखवतो. तीस सेकंद म्हणजे अर्धा मिनिट, 59.50. दोन्हींत 0.20 मिनिटाचा फरक, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे 1852 मीटर. बुडालेली बोट 370 मीटर सरकते. जाळं नेमकं तिच्यावर पडायला तेवढं पुरे. जीपीएसवाल्याने पेन्सिल घेतली. टिंबानंतर साठ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर ते सेकंद असूच शकत नाहीत. त्या ओळीवर बरोबरची खूण. एका पानावर अशा दोन-तीन ओळी निघाल्या तर पूर्ण पान दशांशाचं धरायचं. सुरुवातीच्या पानांवर मात्र साठच्या वर एकही आकडा नव्हता. ती बहुधा सेकंदांची, पण ‘बहुधा’ प्लॉटरमध्ये भरायला तो तयार होईना. ऑगस्टमध्ये त्या जागांवरून हळू बोट नेऊन फिश फाइंडरने तळ बघायचा, असं त्याचं म्हणणं. तांडेलाचं म्हणणं, तेवढं डिझेल मालक देणार नाही.

त्यात आणखी एक गाठ होती. प्लॉटर मालकाचा, वही तांडेलाची. पुढच्या मोसमात तांडेल दुसऱ्या बोटीवर गेला तर त्याने इतक्या वर्षांत शोधलेल्या जागा इथेच राहणार, मेमरी कार्डावर उतरवून कुणालाही देता येणार. जीपीएसवाल्याला दोघांकडूनही काम मिळतं, त्यामुळे तो यावर काही बोलला नाही. शेवटी तांडेलाने वहीतल्या जाळं फाडणाऱ्या जागा बोटाने दाखवत तेवढ्याच भरायला सांगितल्या, आणि माशांची पानं वाचू न देता उलटली.