साल, वणवा आणि खर्डीचे रान

बाटलीच्या तोंडाचे बूच झाडाच्या सालीपासून होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते झाड कोणते, हे क्वचितच कोणी विचारतो. आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांच्या आवारात पांढऱ्या सुगंधी फुलांचे जे बुचाचे झाड दिसते, ते हे नव्हे. खरे बूच पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया या देशांत वाढणाऱ्या एका ओक वृक्षाचे. झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर त्याची साल प्रथम उतरवतात आणि पुढे पोर्तुगालच्या कायद्यानुसार किमान ९ वर्षे तिला हात लावता येत नाही. झाड न तोडता उत्पन्न मिळते, म्हणून तिथल्या माणसांना ते रान राखावेसे वाटते. निसर्गाने ही जाड साल दिली आहे ती मात्र बाटल्यांसाठी नव्हे, तर वणव्यातून झाड वाचावे म्हणून. नेमके हेच काम आपल्या खर्डी-शहापूरच्या रानातील अनेक झाडांच्या साली करीत असतात.

दोन्हीकडे वर्षातील काही महिने कोरडे जातात. फरक आहे तो ऋतूंचा. भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथला बुचाचा ओक आपली लहान, चिवट पाने वर्षभर राखतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणून साग, पळस, मोह, ऐन ही झाडे पाने गाळून पाण्याची उधळपट्टी थांबवतात. ही पानगळ झाडाला तारते. पण फेब्रुवारीपासून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो आणि एक ठिणगी वणव्याला पुरेशी ठरते.

सालीचा बाहेरचा भाग मृत पेशींचा असतो. त्या पेशींत हवा कोंडलेली असल्याने उष्णता आत लवकर शिरत नाही. सालीखाली खोडाची वाढ करणारा नाजूक जिवंत थर असतो. त्याचे तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तर तो मरतो. ऐनाची काळपट, चौकोनी भेगांची साल मगरीच्या पाठीसारखी दिसते. हेच त्याचे चिलखत. कुंभ्याची साल जाड आणि धागेदार. तोड्याच्या बंदुका होत्या त्या काळी याच सालीच्या धाग्यांची वात करीत, कारण ती भडकत नाही, धुमसत राहते. पळस जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो. सागाचे रोप वरून करपले, तरी जमिनीखाली मूळ जिवंत ठेवून पुढच्या पावसाळ्यात नवा कोंब काढते.

मात्र या संरक्षणाला मर्यादा आहे. जाड साल यायला वर्षे लागतात. मोठे झाड पाचोळ्याच्या आगीतून सुटते. गुडघाभर उंचीच्या रोपाला अजून साल आलेलीच नसते. एखाद्या वर्षी आग लागली, तर रोप मुळांतून उठते. दरवर्षी लागली, तर मुळातील साठाही संपतो. मग पातळ सालीच्या जाती मागे हटतात, गवत वाढते आणि तेच गवत पुढच्या वणव्याचे सरपण होते. लांबून रान हिरवे दिसते, पण त्यात फक्त वडीलधारी झाडे उरतात. नवी पिढी नसते. ११३ वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही दिसला. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. उद्याची जुनी झाडे ही आजची रोपेच होत.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वणव्याचा दोष आदिवासींच्या माथी मारणे सोपे असते. येथील कातकरी, ठाकूर, वारली, कोळी शेतकरी भाताच्या रोपांसाठी टहाळ आणि पाचोळा जाळून राब करीत आले. त्यासाठी ऐनाच्या फांद्या छाटत, झाड तोडत नसत. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला आणि मुंबईची लाकडाची भूक या रानापर्यंत पोहोचली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि टहाळ तोडणेही गुन्हा ठरू लागले. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. ज्याचा रानावरील हक्क काढून घेतला जातो, त्याच्याकडून राखणदारीची अपेक्षा कशी करावी?

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न काही अंशी उलटा फिरवला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी मिळते आणि रान राखण्याचा अधिकारही. या अधिकाराचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी जाळरेषा काढाव्यात. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवू नये, झाडून बाजूला करावा. राबाची आग विझेपर्यंत शेतातून हलू नये. आणि रानाचा एखादा तुकडा सलग काही वर्षे आगीपासून पूर्ण जपावा, म्हणजे रोपांना साल धरायला अवधी मिळेल.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज आपापल्या गावांच्या ग्रामसभांत बसतात. त्यांनी पुढील माघात जाळरेषेचा विषय सभेपुढे मांडावा, एवढीच विनंती.